आमचा बहिरी दमत नाही : कारवान आणि गावठी रक्ताच्या कुत्र्याविषयी

सांजपाखरू

नमस्कार मंडळी. हा धागा काढण्याआधी पुष्कळ दिवस विचार केला, कारण कुत्र्याविषयी काही विचारले की निम्मे लोक "दोन रट्टे द्या" म्हणतात आणि उरलेले "शेतावर सोडून या" म्हणतात. ही दोन्ही उत्तरे मला नको आहेत, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडते.

आम्ही कोल्हापुरात पाचगावच्या बाजूला राहतो. घर स्वतंत्र आहे, पुढे लहानसे अंगण, कमरेएवढी कंपाउंडची भिंत, तिच्यापलीकडे दोन मोकळे प्लॉट आणि नंतर ऊस. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या एका मित्राने कागलकडच्या आपल्या रानातून आम्हाला एक पिल्लू आणून दिले. आई कारवान, म्हणजे सशामागे पळणाऱ्या शिकारी जातीची, त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली. बाप कोण, हे त्या गावाला माहीत असेल, आम्हाला नाही. मात्र शेपटीचा आकडा, उभे राहू पाहणारे कान आणि रात्री दाराशी कोणी आले की फुटणारा आवाज पाहता बाप गावठी असावा, असा सासऱ्यांचा अंदाज आहे. पिल्लू आता चौदा महिन्यांचे झाले आहे आणि त्याचे वजन २१ किलो भरते. बहिरी ससाण्यावरून सासऱ्यांनी त्याचे नाव बहिरी ठेवले. हाकेला ओ न मिळाल्यावर "नावच तसे ठेवल्यावर काय होणार" हा विनोद आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने एकदा तरी केलेला आहे, तेव्हा तो येथे कोणी करू नये, ही विनंती.

आता अडचण सांगते. सकाळी माझे यजमान त्याला दुचाकीबरोबर चार-पाच किलोमीटर पळवून आणतात. संध्याकाळी मी त्याला कळंबा तलावाच्या बाजूला तासभर फिरवते. एवढे करूनही घरी आल्यावर अर्ध्या तासात तो पुन्हा ताजातवाना होतो, चपला पळवतो, कुंड्या उकरतो आणि भिंतीवरून जाणारे प्रत्येक मांजर, तारेवरचा प्रत्येक कावळा यांच्यावर झेप घेऊ पाहतो. दिवसा तो सलग असा झोपतच नाही. गल्लीतल्या मुलांना त्याची गंमत वाटते आणि मांजर दिसले की ती लांबूनच "छू" म्हणतात.

गेल्या महिन्यात त्याने भिंत ओलांडून शेजारच्या मावशींच्या दोन कोंबड्या मारल्या. मावशी चांगल्या स्वभावाच्या आहेत, भरपाई घेतली आणि वर चहाही दिला, पण तिसऱ्या कोंबडीच्या वेळी चहा मिळेल असे मला वाटत नाही. त्यानंतर मागच्या रविवारी, ऊस तुटून गेलेल्या एका फडाजवळ ससा उठला. बहिरीने मान मागे खेचली, पट्टा डोक्यावरून निघून माझ्या हातात राहिला आणि तो दोन तासांनी पंजा फाडून घेऊन परत आला. ते दोन तास मी बांधावर कसे काढले ते मलाच माहीत.

त्याला आणखी पळवायचे तरी किती? आणि असा कुत्रा शहराच्या कडेला राहून सुखाने सांभाळता येतो का? ज्यांनी कारवान किंवा त्याच्या मिश्र वाणाची कुत्री प्रत्यक्ष पाळली आहेत त्यांनी कृपया लिहावे.

स्पष्टवक्ता

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. कारवानाचे रक्त अंगणात मावत नाही. शर्यतीची हौस असलेला कोणी पाहून कुत्रा त्याला द्यावा, तेथे तरी त्याच्या पायांचे चीज होईल. ते मनाला पटत नसेल तर दिवसभर साखळीला ठेवावा, म्हणजे कोंबड्या वाचतील. आमच्याकडे पूर्वी कोंबडी मारणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात तीच मेलेली कोंबडी दोन दिवस बांधत असत. पुन्हा तो कोंबडीकडे पाहत नसे.

बांधावरचा

स्पष्टवक्ते साहेब, गळ्यात कोंबडी बांधण्याचा प्रयोग मी लहान असताना आमच्या वडिलांनी केला होता, म्हणून सांगतो. कुत्र्याने पहिल्याच रात्री ती निम्मी खाल्ली, राहिलेल्या निम्मीला माश्या लागल्या, आणि चौथ्या दिवशी त्याने वस्तीवरचे बदक धरले. मेलेली कोंबडी आणि आपली मान दुखणे यांचा संबंध माणूस जोडतो, कुत्रा जोडत नाही.

सांजपाखरू ताई, आमच्या रानात गेली चाळीस वर्षे कारवान आणि कारवानाची मिश्र कुत्री आहेत. तुमची चूक एकच आहे आणि ती मायेपोटी झालेली आहे. तुम्ही कुत्र्याला दमवायला निघालात आणि प्रत्यक्षात त्याला तयार करीत आहात. आपल्या कोल्हापुरात हे समजावून सांगायला तालमीचे उदाहरण पुरे आहे. रोज जोर-बैठका मारणारा पोरगा महिन्याभराने अधिक बैठका मारतो, कमी मारत नाही. बहिरीला आज पाच किलोमीटर पुरत नाहीत, तीन महिन्यांनी दहा पुरणार नाहीत, आणि तोवर तुमच्या यजमानांच्या दुचाकीचे टायर झिजलेले असतील. मात्र वस्ताद पोराला मेहनतीनंतर दुपारी झोपायला लावतो, ते आपण विसरतो. बहिरीला मेहनत मिळते आहे, विसावा मिळत नाही.

रानातला कारवान दिवसभर पळतो, हा शहरातल्या लोकांचा गैरसमज आहे. आमची कुत्री सकाळी बांधाबांधाने हुंगत एक फेरी मारतात, आणि एरवी गाडीखाली किंवा गंजीच्या सावलीत पाय ताणून पडलेली असतात. पळतात ती मिनिट-दोन मिनिटे, पण ती जीव तोडून. लांबचे एकसुरी पळणे हा या जातीचा धर्मच नाही. त्यातून दुचाकीला बांधून पळवणे तर ताबडतोब बंद करा. कुत्र्याला तेथे थांबता येत नाही, हुंगता येत नाही, डांबर पायाला लागते, आणि आडवे कुत्रे आले तर तो आणि यजमान दोघेही रस्त्यावर.

सुटण्यावर उपाय सांगतो. कारवानाचे डोके चिंचोळे आणि मान जाड, त्यामुळे साधा पट्टा त्याच्या डोक्यावरून अलगद निघतो. त्याला कातडी रुंद पट्टा घ्या, जो कानांच्या अगदी मागे, मानेच्या वरच्या भागात बसतो आणि ओढ लागली की थोडाच आवळतो. छातीभोवती बसणारा हार्नेस वेगळा घाला. मग बैलाचा असतो तसा नायलॉनचा कासरा आणा, तीसेक फूट लांब, आणि तो हार्नेसच्या कडीला बांधा. पट्ट्याला बांधू नका, नाहीतर धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसेल. कासरा हातात गुंडाळून धरायचा नाही, तळहात सोलून निघतो. तो जमिनीवर मागे ओढत जाऊ द्यायचा आणि गरज पडली तर त्यावर पाय द्यायचा. वर्षभर तरी बहिरी कासऱ्याशिवाय मोकळा सुटता कामा नये. प्रत्येक यशस्वी पाठलाग म्हणजे त्याला मिळालेला पगार आहे. ससा हाती लागो न लागो, पळण्यातच त्याचे पोट भरते, आणि एकदा हा पगार सुरू झाला की तुमच्या हाकेची किंमत उरत नाही.

आणि गल्लीतल्या त्या "छू" म्हणणाऱ्या पोरांना आधी आवरा. कुत्र्याला शिकवण्यापेक्षा ते अवघड आहे, पण त्याहून अधिक उपयोगाचे आहे.

आणखी एक. माझ्या लहानपणी आम्ही कुत्री घेऊन सशामागे जात होतो, ते लपवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा आहे, आणि कुत्र्याने ससा मारला तर उत्तर मालकाला द्यावे लागते. "कुत्र्याचा स्वभावच आहे" हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही.

जुना बाजार

बांधावरच्या काकांच्या प्रतिसादाला माझा दुजोरा आहे, आणि एक जुनी गोष्ट जोडतो, जी या प्रश्नाशी थेट संबंधित आहे असे मला वाटते.

आपल्या संस्थानात शाहू महाराजांच्या काळी आणि नंतरही चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवीत असत, हे अनेकांना ठाऊक आहे. त्या चित्त्यांना रानात नेताना त्यांच्या डोळ्यांवर कातडी टोपी असे, आणि काळवीट टप्प्यात आल्यावरच चित्तेवान ती टोपी काढत असे. चित्ता डोळ्याने शिकार करणारा प्राणी आहे. जोवर दिसत नाही तोवर तो गाडीवर शांत बसतो, दिसले की त्याला कोणी धरू शकत नाही. कारवान हाही डोळ्याने शिकार करणारा कुत्रा आहे, केनेल क्लब ऑफ इंडियात ज्याची नोंद कॅरव्हान हाउंड या नावाने होते तोच हा. मुधोळ संस्थानामुळे त्याला मुधोळ हाउंड हेही नाव पडले, आणि २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली त्यांत तो त्याच नावाने आहे.

सांगायचा मुद्दा असा, की बहिरीला दिवसभर झोप येत नाही कारण त्याच्या डोळ्यांवरची टोपी कोणी घालतच नाही. कमरेएवढ्या भिंतीवरून त्याला दोन प्लॉट, उसाची कड, तारेवरचे कावळे आणि मावशींच्या कोंबड्या असा सगळा देखावा आठ तास दिसत असेल, तर तो आठ तास कामावर आहे. टोपी कुत्र्याला घालू नका, भिंतीला घाला. बांबू लावून भिंत सहा फुटांपर्यंत चढवा आणि त्यावर गोणपाट किंवा हिरवी शेडनेट ताणा. फाटकाच्या गजांमागे पत्रा लावा. दिसणे बंद झाले की निम्मी धावपळ बंद होईल, आणि उडीचा प्रश्नही सुटेल, कारण पलीकडे काय आहे हे न दिसता सहसा कुत्रा उडी मारत नाही.

टेंबलाईवाडी

मी फ्लॅटमध्ये राहते आणि माझ्याकडे असल्याच मिश्र रक्ताची पाच वर्षांची कुत्री आहे, त्यामुळे "अंगणात मावत नाही" हे मला मान्य नाही. साखळीविषयी मात्र स्पष्टवक्ता यांना सांगावेसे वाटते, की प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, ११ व्या कलमात, कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हीदेखील क्रूरता म्हटली आहे. साखळीला बांधलेला कुत्रा कोंबड्यांपासून दूर राहतो हे खरे, पण वर्षभराने तो माणसांवर धावू लागतो.

सांजपाखरू ताई, पायांऐवजी नाकाला काम द्या. तुमच्या बहिरीत गावठी रक्त आहे, म्हणजे नाक चांगले असणारच. मी काय करते ते लिहिते. एका जुन्या गोणीत ज्वारीच्या भाकरीचे कुसकरलेले तुकडे आणि उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे टाकते, वर फाटक्या कपड्यांच्या चिंध्या कोंबते आणि गोणीचे तोंड सैल बांधून तिच्यापुढे ठेवते. पहिल्या दिवशी तिने दोन मिनिटांत गोणी फाडली. आता मी घरात सात-आठ ठिकाणी तुकडे लपवते, दाराच्या सांध्यात, पायपुसण्याखाली, तव्याच्या मागे, आणि ती पंधरा-वीस मिनिटे नाक खाली घालून सगळे घर वाचून काढते. त्यानंतर तिची झोप पाहावी. तासभर फिरून जी येत नाही ती झोप या वीस मिनिटांनी येते. मोठ्या कुत्र्याला दिवसाचे बारा-चौदा तास झोप लागते, आणि ती मिळाली नाही तर रात्री उशिरापर्यंत जागवलेल्या लहान मुलासारखा तो हात-पाय आपटत राहतो. आपल्याला वाटते की त्याला अजून खेळायचे आहे.

पाठलागाची भूक मात्र नाकाने पूर्ण भागत नाही. त्यासाठी चार फुटी काठीच्या टोकाला दोरी आणि दोरीला सशाच्या आकाराची चिंधी बांधा. चिंधी जमिनीलगत फिरवायची, त्याला धावू द्यायचे, तिसऱ्या-चौथ्या फेरीला पकडू द्यायचे, आणि "सोड" म्हटल्यावर सोडली तरच पुन्हा फिरवायची. पाच मिनिटे पुरे, आणि वळणे मोठी ठेवा, गुडघे अजून कोवळे आहेत. तुम्ही "छू" म्हणाल तेव्हाच चिंधी पळते, असे शिकवले तर तो शब्द मुलांच्या तोंडून निघून तुमच्या तोंडी येईल.

हाकेसाठी तोंडाने नाव घेऊ नका, आजवर ते नाव शंभर वेळा वाया गेले आहे. पोलिसाकडे असते तशी शिट्टी घ्या. पहिले पंधरा दिवस घरातच, शिट्टी वाजली की कलेजी, एवढेच. मग अंगणात, मग कासऱ्यावर. कुत्रा तुमच्याकडे येईल अशी खात्री नसेल तेव्हा शिट्टी वाजवायची नाही, आणि आल्यावर, तो कितीही उशिरा आला तरी, रागवायचे नाही. त्या रविवारी दोन तासांनी परत आल्यावर तुम्ही त्याला काय केले होते?

सांजपाखरू

टेंबलाईवाडी ताई, खरे सांगायचे तर एक चपराक दिली होती आणि नंतर त्याच्या गळ्यात पडून रडले होते. दोन्हींपैकी त्याला काय समजले असेल, देव जाणे.

काका, दुचाकी आजपासून बंद केली. यजमान थोडे नाराज आहेत, कारण त्यांचाही तेवढाच फेरफटका होत होता. आणखी एक विचारायचे राहिले. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस "खायला घालत नाही काय हो?" असे विचारतो, कारण बरगड्या दिसतात. मला अपराधी वाटते, म्हणून मी भाकरी वाढवत चालले आहे.

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, जास्त काम गाई-म्हशींचे, पण या भागात शिकारी जातीची कुत्री रोज येतात. बरगड्यांपासून सुरुवात करतो. या वाणाच्या निरोगी कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे थोडी दिसलीच पाहिजेत, ती दिसेनाशी झाली तर कुत्रा जाड झाला असे समजावे. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर पातळ चादरीखाली असल्यासारख्या त्या हाताला लागल्या, मांडीचे स्नायू टणक असले आणि कातडी चमकत असली, तर लोकांच्या प्रश्नाला हसून पुढे जावे. नुसत्या भाकरीने मात्र पोट भरते, स्नायू होत नाहीत. ज्वारी किंवा नाचणीची भाकरी असावी, पण तिच्याबरोबर अंडी, उकडलेले चिकन, थोडे ताक हवे. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली हाडे शेजारी मोठ्या प्रेमाने आणून देतात, ती नम्रपणे परत करावीत. शिजवलेले हाड चिरफाळते आणि आतड्याला भोक पाडते, आणि रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो.

छाती खोल आणि पोट आत ओढलेले असलेल्या कुत्र्यांत एक भयंकर गोष्ट घडते ती म्हणजे पोट फुगून स्वतःभोवती पिळा पडणे. भरल्या पोटी पळवल्याने धोका वाढतो असे मानतात, म्हणून खाणे दोन वेळांत विभागावे आणि व्यायामाआधी व नंतर निदान तासभर ताटली पुढे ठेवू नये. कुत्रा ओकारीचे उमाळे काढतो पण काही पडत नाही, पोट ढोलासारखे लागते, तो अस्वस्थपणे फिरतो, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. ही तासांची लढाई असते आणि शस्त्रक्रियेशिवाय उपाय नसतो.

चौदा महिने म्हणजे हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण होत आलेली आहे, झालीच असे नाही. म्हणून दुचाकी बंद केलीत ते उत्तम. नसबंदी करायची असेल तर आता हरकत नाही, पण तिने पाठलाग थांबेल अशी आशा ठेवू नये. मात्र त्या वेळी, किंवा पंजा शिवायलाही भूल द्यायची झाली, तर "कारवानाचे रक्त आहे" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते आणि भुलीची काही जुनी औषधे, विशेषतः थायोपेंटोन, यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. इतर कुत्री तासात उठतात तेथे हे दिवसभर निपचित पडतात, क्वचित उठतही नाहीत.

आता ऊस. तो माणसाला गोड आहे, कुत्र्याला अवघड. पानाच्या कडा डोळ्याला लागतात, पाचटात घोणस असते, गवताचे कुसळ बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरले की आत आत सरकत जाते. घरी आल्यावर रोज चारही पंज्यांची बेचकी, कान आणि काखा बोटांनी चाचपाव्यात. त्याच वेळी गोचीड सापडतील, ते चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावेत. कुत्र्याने खाणे सोडले, ताप आला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा नाकातून रक्त आले तर तो गोचीडताप असू शकतो. रक्त तपासून घ्यावे, मेडिकलमधून स्वतः गोळी आणू नये.

उंदरांसाठी शेतकरी पिठात कालवून झिंक फॉस्फाइड ठेवतात. त्यावर नेमका उतारा नाही. तोंडाला लसणासारखा वास, ओकारी, झटके असे काही दिसले तर तसेच उचलून दवाखान्यात आणावे. म्हणून "तोंडात काही घ्यायचे नाही" हे शिक्षण हाकेइतकेच महत्त्वाचे आहे.

शेवटी पावसाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, भीती येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून हा आजार येतो, कुत्र्याच्या यकृत-मूत्रपिंडावर जातो आणि त्याच्याकडून माणसालाही होतो. उसाच्या कडेला राहणाऱ्या कुत्र्याला रेबीजच्या लसीबरोबर लेप्टोची लसही दरवर्षी हवी. पहिल्या खेपेला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात.

स्पष्टवक्ता

कोंबडीचा सल्ला मागे घेतो, पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. एवढे सगळे किती घरांना जमते? शेडनेट, हार्नेस, कासरा, कलेजी, लसी, रोजचे पंजे चाचपणे. पिल्लू फुकट येते म्हणून लोक घेतात आणि वर्षभराने तेच कुत्रे रंकाळ्यावर हाडे मोजत फिरताना दिसते. आपल्याकडे रुबाबासाठी कारवान ठेवणारे पुष्कळ आहेत. ताईंनी विचारले तरी, बाकीचे विचारतही नाहीत.

बांधावरचा

हे मात्र खरे बोललात. मी गेली काही वर्षे पिल्लू मागणाऱ्याला आधी सकाळी सहा वाजता रानात बोलावतो. दहापैकी आठ येत नाहीत, आणि पिल्लू कोणाला द्यायचे हा प्रश्न आपोआप सुटतो.

सांजपाखरू

तीन महिने झाले, म्हणून कळवते. जमले तेही लिहिते आणि फसले तेही.

भिंत शेडनेट लावून वर नेली, त्याचा खर्च दोन कोंबड्यांच्या भरपाईपेक्षा बराच अधिक झाला. पहिले दोन दिवस बहिरी त्या हिरव्या कापडासमोर बसून होता, जणू आत्ता पडदा उघडेल. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर तो तुळशीच्या कट्ट्याला पाठ लावून, चारही पाय हवेत करून झोपला होता. हे दृश्य मी वर्षभरात पहिल्यांदा पाहिले. फाटकाचा आवाज ऐकून एक डोळा उघडला आणि परत मिटला.

सकाळी आता पळणे नाही, यजमान त्याला घेऊन पाऊण तास रेंगाळतात. प्रत्येक खांब, प्रत्येक दगड हुंगून होईपर्यंत थांबायचे असते, आणि माझ्या यजमानांसारख्या घाईच्या माणसाला ही शिक्षाच आहे. गोणीचा खेळ सासऱ्यांनी आपल्याकडे घेतला आहे. ते कलेजी कपाटाच्या फडताळात लपवतात आणि स्वतःच विसरतात, त्यामुळे घराला अधूनमधून वास येतो. चिंधीच्या खेळात "सोड" हा शब्द तो चांगला शिकला. मुलांना मी कासरा धरायला आणि चिंधी फिरवायला शिकवले, तेव्हापासून "छू" बंद आहे, कारण आता त्यांना त्याहून मोठा अधिकार मिळाला आहे.

परवा सकाळी कळंब्याच्या बाजूला, नांगरून टाकलेल्या एका रानाच्या कडेने चाललो होतो. बहिरीला माझ्याआधी दिसले. पुढचा उजवा पाय उचललेला तसाच राहिला, कान पुढे आले, शेपटीचा आकडा सरळ झाला. ढेकळांत, ढेकळाच्याच रंगाचा ससा कान पाठीला चिकटवून बसला होता. कासरा माझ्या मागे धुळीत सैल पडलेला होता आणि माझा पाय त्यावर नव्हता. ससा उठायच्या आत मी शिट्टी वाजवली. बहिरीचा डावा कान तेवढा माझ्याकडे फिरला, बाकीचा सगळा कुत्रा सशाकडेच. तेवढ्यात ससा सुटला. बहिरीने तीन ढांगा टाकल्या, चौथीला अंग वळवले, आणि एक मोठा वळसा घेऊन माझ्यापाशी येऊन थांबला. तो थरथरत होता. मी खिशातली सगळी कलेजी त्याच्यापुढे ओतली. त्याने ती खाल्ली, पण घरी येईपर्यंत दर दहा पावलांनी मागे वळून पाहत होता.

त्याच संध्याकाळी मावशींच्या मांजराच्या बाबतीत शिट्टीचा काहीही उपयोग झाला नाही. मांजर पेरूच्या झाडावर, बहिरी झाडाखाली, आणि कासऱ्याचे दुसरे टोक धरून मी गुडघ्यावर.

बांधावरचा

ताई, एक कान फिरला हेच पुष्कळ आहे. मांजर हा वेगळा विषय आहे, माझ्या सर्वांत शहाण्या कुत्रीलाही तो कधी सुटला नाही. कासरा पुढच्या सुगीपर्यंत काढू नका. आणि शिट्टी पुन्हा सशाच्या परीक्षेला लावायची घाई करू नका, आधी टिटवी, मग कावळे, मग शेळ्या, असे चढत जा.

गोठ्यातला डॉक्टर

वाचून बरे वाटले. नांगरलेल्या रानात तीन ढांगा टाकल्या आहेत तर पुढच्या पायांची नखे आणि मनगटावरचे वरचे नख तपासा, ते तेथे हमखास उलते. आणि तुमच्या लिहिण्यात लसींचा उल्लेख नव्हता, म्हणून विचारतो, लेप्टोची दुसरी मात्रा झाली का? झाली नसेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत उरकून घ्या.

सांजपाखरू

पहिली झाली आहे डॉक्टर, दुसरी येत्या शनिवारी आहे. नख उललेलेच निघाले, आत्ताच पाहिले.